गिअर कधी बदलायचा, हे कोणी ठरवायचे?

मिशिगनमध्ये नोकरीला असताना मी एक जुनी डॉज व्हॅन घेतली होती; १९७७ सालची, आपोआप गिअर बदलणारी. एका मेकॅनिकने कार्ब्युरेटर बदलला आणि तिथून गिअरबॉक्सकडे जाणारी सळई परत जोडलीच नाही. त्यानंतर व्हॅन फार लवकर वरच्या गिअरमध्ये जाऊ लागली. एवढेच ना, म्हणून मी ती तशीच चालवली. चार महिन्यांत गिअरबॉक्समधल्या क्लचच्या चकत्या जळाल्या. या विषयाचा इतिहास मी वाचू लागलो तो त्या बिलामुळे.

वेग ओळखण्याची युक्ती मोटारीहून जुनी आहे. जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला फिरत्या वजनांचा नियंत्रक बसवला. वेग वाढला की वजने बाहेर फेकली जात. बॉस्टनच्या स्टर्टेव्हंट बंधूंनी १९०४ च्या सुमारास तशीच वजने मोटारीच्या गिअरबॉक्समध्ये घातली. पण नुसता वेग कळून भागत नाही. ताशी तीस किलोमीटर हा वेग सपाटीवर एक गिअर मागतो आणि चढावर दुसराच. चालकाचा पाय काय मागतो आहे, तेही यंत्राला कळावे लागते. अर्ल थॉम्पसन यांच्या पुढाकाराने घडलेली हायड्रामॅटिक १९४० च्या ओल्ड्समोबिलमध्ये आली. तिने या दोन्ही गोष्टींची सांगड तेलाच्या दाबाने घातली.

क्रायस्लरची टॉर्कफ्लाइट १९५६ ची. (सुरुवातीची काही वर्षे ती चक्क डॅशबोर्डवरच्या बटणांनी चाले.) माझ्या व्हॅनखाली तिचाच पुढचा अवतार होता. तिच्यातल्या झडपेच्या एका टोकाला वेगाचा दाब असतो, तर दुसऱ्या टोकाला स्प्रिंग आणि पायाचा दाब. वेगाने मात केली की गिअर वर जातो. पायाची खबर आणते ती हीच सळई. तिची जुळणी बदलली की गिअर बदलण्याची वेळ पुढेमागे सरकते.

मेख पुढेच आहे. क्लच किती घट्ट आवळायचे, तेही हाच पायाचा दाब ठरवतो. सळई सुटली की गिअरबॉक्सला वाटते, चालकाने पाय उचलला आहे. इकडे इंजिन पूर्ण जोरात आणि तिकडे पकड ढिली. चकत्या घसरत राहतात. मला जो नुसता सुखसोयीचा प्रश्न वाटला होता, तो त्या चकत्यांच्या आयुष्याचा होता.

दुरुस्तीनंतर जुळणी मीच केली. इंजिन गरम केले, चोक पूर्ण उघडा आहे ना ते पाहिले, गिअरबॉक्सवरची तरफ तिच्या टोकाला टेकवून धरली आणि मग सळईचा स्क्रू आवळला. तीनदा व्हॅनखाली सरपटलो, तीनदा त्याच चढावर नेली. तिसऱ्या खेपेला तिने दुसरा गिअर चढ संपेपर्यंत सोडला नाही.