मुळशी सत्याग्रहातील युक्तिवाद

मुळशी सत्याग्रह (१९२१–१९२४) हा पुणे जिल्ह्यातील मुळशी पेट्यात टाटा कंपनीच्या धरणासाठी होणाऱ्या भूसंपादनाविरुद्ध शेतकऱ्यांनी दिलेला लढा होय. लोकहित म्हणजे नेमके कोणाचे हित, हा या लढ्यातील मध्यवर्ती वाद होता. त्या वादातील युक्तिवाद, मन वळवण्याची साधने आणि तर्कदोष यांचा परिचय या लेखात दिला आहे.

पार्श्वभूमी

सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारे पावसाचे पाणी अडवून ते कोकणात खाली सोडायचे व त्यावर वीज निर्माण करायची, अशी टाटांच्या योजनांची रचना होती. लोणावळा परिसरातील वळवण व शिरवटा तलावांच्या पाण्यावर खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. मावळ तालुक्यातील ठोकरवाडी धरणावर आधारलेले भिवपुरी केंद्र १९२२ मध्ये सुरू झाले. तिसऱ्या योजनेसाठी लोणावळ्याच्या दक्षिणेस, मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधण्याचे ठरले. त्यात सुमारे ५० गावांच्या जमिनी जाणार होत्या. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रहाला प्रारंभ झाला. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे प्रमुख नेते होते.

दोन्ही बाजूंचे युक्तिवाद

मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळेल, कोळशाची बचत होईल आणि उद्योग व रोजगार वाढेल, हा योजनेच्या समर्थकांचा युक्तिवाद होता. त्याचा आधार परिणामांवर होता. वडिलोपार्जित जमीन संमतीवाचून घेता येत नाही, हा शेतकऱ्यांचा युक्तिवाद होता. त्याचा आधार हक्कावर होता.

एप्रिल १९२१ मध्ये महात्मा गांधींनी ‘यंग इंडिया’त या प्रश्नावर लिहिले. एकाही गरिबाच्या इच्छेविरुद्ध लादलेल्या लाभाला किंमत नाही आणि टाटांनी कायदेशीर हक्कांवर न विसंबता लोकांशी विचारविनिमय करावा, असा त्यांचा आशय होता. केवळ एकूण लाभच पाहायचा, तर उपाशी व दुर्बळ माणसे नाहीशी करणेही लाभाचे ठरेल, असे दाखवून त्यांनी ते तत्त्व त्याच्या टोकापर्यंत नेले. प्रतिपक्षाचे गृहीतक मान्य करून त्यातून अस्वीकार्य निष्कर्ष काढण्याच्या या पद्धतीस अनिष्टापत्ती म्हणतात.

मन वळवण्याची साधने

सत्याग्रहींना ‘मावळे’ म्हटले जाई. या एका शब्दाने शिवकाल डोळ्यांसमोर उभा राही आणि भूसंपादनाच्या प्रकरणाला स्वराज्याच्या लढ्याचे रूप येई. याच लढ्यात बापटांना ‘सेनापती’ ही उपाधी मिळाली. दोन्ही नावांमागे युद्धाचे रूपक आहे. रूपक भावना जागवते व माणसे एकत्र आणते. मात्र ते पुरावा ठरत नाही. ‘प्रगती’ या शब्दाचाही असाच उपयोग होतो, कारण प्रगतीला विरोध करणारा आपोआप मागासलेला ठरतो.

तर्कदोष

वाक्छल: न्यायसूत्रांत छलाचे तीन प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी वाक्छलात एकाच शब्दाचा अर्थ मध्येच बदलला जातो. १८९४ च्या भूसंपादन कायद्यानुसार, लोकांना उपयुक्त ठरेल अशा कामासाठी कंपनीकरिताही जमीन संपादन करता येत असे. येथे ‘लोक’ म्हणजे वीज वापरणारे, असा अर्थ घेऊन योजना लोकोपयोगी ठरवली आणि नंतर ‘लोक’ म्हणजे सर्व जनता असे मानून गावकऱ्यांचे हितही त्यातच धरले, तर वाक्छल होतो.

घाईचे सामान्यीकरण: पेट्यातील पुष्कळ जमीन सावकारांच्या नावे होती आणि ती कुळे कसत असत. मोबदल्याविषयी दोघांचे हित सारखे नव्हते. जमीनमालकांनी मोबदला स्वीकारला, म्हणून सर्व गावाची संमती आहे, हा निष्कर्ष सदोष ठरतो.

व्यक्तिदोषारोप: सावकारांचा स्वार्थ असल्याने आंदोलनच खोटे, असे म्हणणे हाही दोष आहे. बोलणाऱ्याचा हेतू संशयास्पद असला तरी कुळाने पुढे कोठे जायचे, हा प्रश्न अनुत्तरित राहतो.

खोटा पर्याय: वीज हवी की शेती, असा प्रश्न विचारला की जागा बदलणे, धरणाची उंची कमी करणे किंवा जमिनीच्या बदल्यात जमीन देणे, हे मधले मार्ग विचारातून बाद होतात.

एखाद्या युक्तिवादात तर्कदोष सापडला म्हणजे त्याचा निष्कर्ष असत्य ठरतोच असे नाही; तो निष्कर्ष त्या युक्तिवादाने सिद्ध झालेला नाही, एवढेच म्हणता येते.

फलित

१९२४ च्या अखेरीस बापटांनी कामावरील रेल्वे अडवली. त्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण पूर्ण झाले आणि १९२७ मध्ये भिरा येथील वीजकेंद्र सुरू झाले. १८९४ च्या कायद्यात मोबदल्याची तरतूद होती, पुनर्वसनाची नव्हती. त्याच्या जागी आलेल्या २०१३ च्या कायद्याने खासगी कंपन्यांसाठीच्या संपादनाला ८० टक्के बाधित कुटुंबांची पूर्वसंमती आवश्यक ठरवली आणि बाधितांच्या व्याख्येत कुळांचाही समावेश केला.