कबुलीचे कुपन

वाहतुकीच्या दंडाच्या कागदाला मराठीत 'चलन' हे नाव पडले आहे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ते समर्पक वाटते. कारण या कागदाचा इतिहास बहुतांशी पैसे भरून घेण्याच्या सोयीचाच आहे. आरोप नाकारणाऱ्याचा विचार त्यात फार उशिरा झाला.

अखिल भारतीय स्वरूपाचा पहिला मोटार वाहन कायदा 1914 चा. पुढे 1939 च्या कायद्याने किरकोळ गुन्ह्यांत न्यायालयात न जाता नोंदणीकृत पत्राने गुन्हा कबूल करण्याची मुभा दिली. 1988 च्या कायद्यात, कलम 208 मध्ये, पत्राची जागा मनिऑर्डरने घेतली आणि कबुली मनिऑर्डरच्या कुपनावरच द्यावी असे ठरले. ज्या कुपनावर मुंबईचा चाकरमानी घरची खुशाली विचारी, त्यावरच 'गुन्हा मान्य' लिहिण्याची ही सोय! अशी रक्कम पाठविणाऱ्यावर पुढील कार्यवाही नाही आणि कबुलीपायी परवान्यावरही गंडांतर नाही, असे आश्वासनही त्याच कलमात आहे.

नाकारणाऱ्याची वाट मात्र लांबचीच राहिली. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार खटला सामान्यतः गुन्हा घडला तेथील न्यायालयातच चाले. आपल्यासारख्या बदलीच्या नोकरीतल्या माणसाची गाडी नागपूरची, मुक्काम गुवाहाटीला आणि चलन वाटेतल्या लखनौचे, असे सहज घडू शकते. वकील देता येई. पण त्याची फी दंडाहून अधिक. 2019 पूर्वी बहुतेक किरकोळ गुन्ह्यांचा पहिला दंड शंभर रुपयांपर्यंतच होता. शंभर रुपयांसाठी कोण भांडणार? माणूस पैसे भरून मोकळा होई, आणि कबुलीवरून झालेल्या शिक्षेविरुद्ध अपिलाची दारेही जवळजवळ बंद होत. अशा भरलेल्या दंडांच्या आकड्यांवरून जनतेच्या बेशिस्तीचे निष्कर्ष काढणारी टिपणे मी वाचली आहेत. मला ती कधीच पटली नाहीत. त्यांतले अपराधी किती आणि कंटाळलेले किती, हे कोण सांगणार?

1 सप्टेंबर 2019 पासून हे गणित बदलले. सीटबेल्टचा दंड शंभरावरून हजारावर, विनापरवाना वाहन चालविण्याचा पाचशेवरून पाच हजारांवर गेला. आता भांडणे परवडू लागले. त्याच वर्षी दिल्लीत वाहतूक चलनांसाठी आभासी न्यायालय सुरू झाले. तेथे दंड भरण्याचे काम घरबसल्या होई. आरोप नाकारला की प्रकरण पुन्हा नेहमीच्या न्यायालयाकडे.

माझ्या मते दंडवाढीपेक्षा महत्त्वाची गोष्ट ऑगस्ट 2021 मध्ये घडली, आणि तिची चर्चा फारशी झाली नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत 167अ हा नियम आला. कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांत पाठवावी आणि चलनाचा निकाल लागेपर्यंत ते चित्रण जपून ठेवावे, असे बंधन सरकारने स्वतःवर घालून घेतले. पुरावा दाखवा, असे म्हणण्यास नाकारणाऱ्याला भक्कम आधार मिळाला.

मात्र ही सूचना टपालाने निघाली, तर जाणार कोठे? आपल्यापैकी अनेकांच्या नोंदणीपुस्तकावर अजून दोन बदल्यांपूर्वीचा पत्ता आहे.