मुद्देमाल : एका पिस्तुलाचा माग

'मुद्देमाल' हा शब्द आपण वर्तमानपत्रांत नित्य वाचतो, पण त्याच्या घडणीकडे सहसा पाहत नाही. 'मुद्दा' आणि 'माल' हे दोन्ही शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आले. 'जप्ती'चे कूळही तेच. 'पंचनामा' मात्र अर्धा संस्कृत, अर्धा फारसी. खटल्याचा मुद्दा ज्या वस्तूवर उभा राहतो, ती वस्तू म्हणजे मुद्देमाल. पण वस्तू स्वतः मुकी असते. ती बोलू लागते ती माणसांच्या तोंडून, आणि म्हणूनच शस्त्राचा माग हा बहुधा माणसांचा माग ठरतो. नाशिकचे प्रकरण या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे.

२१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात देवलांच्या 'संगीत शारदा'चा प्रयोग होता. कलेक्टर जॅक्सन यांची बदली झाली होती आणि हा प्रयोग त्यांच्या निरोपाचा होता. तिथे अनंत कान्हेरे यांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या आणि ते जागीच पकडले गेले. हातात सापडले ते ब्राउनिंग पिस्तूल. मारेकऱ्याचा शोध असा तत्क्षणी संपला. पोलिसांचे खरे काम त्यानंतर सुरू झाले. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलाकडे हे विलायती शस्त्र आले कुठून?

१८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाला परवान्याविना शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरवला होता. युरोपियनांना त्यातून सूट होती. परंतु या कायद्याचे दप्तर येथे कुचकामाचे होते. परवान्याच्या नोंदवहीत नाव असते ते परवाना मागणाऱ्याचे. हे पिस्तूल त्या वहीच्या वाटेने आलेच नव्हते. कारखान्याचा क्रमांक फार तर कारखान्यापर्यंत नेतो. ते किती हातांतून फिरले, हे तो सांगत नाही.

ते सांगितले माणसांनी. लंडनच्या 'इंडिया हाउस'मधील स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याच्या सामानातील पेटीला दुहेरी तळ होता. त्या तळात वीस ब्राउनिंग पिस्तुले आणि काडतुसे लपवून १९०९ च्या आरंभी मुंबईस धाडण्यात आली होती. पुढे अमीन माफीचा साक्षीदार झाला आणि नाट्यगृहातील पिस्तुलापासून लंडनपर्यंतची साखळी जुळली. आमच्या चरित्रवाङ्मयात गोळीचा आवाज मोठा आहे. पेटीच्या तळाला मात्र जेमतेम दोन ओळी मिळतात. वास्तविक विनायक दामोदर सावरकर यांच्यावरील वधास साहाय्य केल्याचा आरोप या तळावरच उभा होता. जॅक्सन मारले गेले तेव्हा ते हिंदुस्थानात नव्हते. मार्च १९१० मध्ये लंडनला त्यांना अटक झाली. सर बेझिल स्कॉट, नारायण गणेश चंदावरकर आणि हीटन यांच्या विशेष न्यायासनापुढे, ज्यूरीविना, खटले चालले. डिसेंबर १९१० मध्ये एक जन्मठेप आणि जानेवारी १९११ मध्ये दुसरी. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना त्याआधीच, १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली होती. माफीच्या साक्षीदाराचा शब्द किती विश्वासाचा, हा प्रश्न कायद्याला जुनाच आहे. स्वतःची मान सोडवण्यासाठी बोलणाऱ्याच्या साक्षीवर दुसऱ्याचे आयुष्य तोलले गेले, हे मात्र आम्हांला विसरता येत नाही.

आता परतीविषयी थोडे. 'जप्त' आणि 'जमा' यांत मोठे अंतर आहे. १९५९ च्या कायद्यानुसार दोषी ठरलेल्याचे शस्त्र न्यायालय सरकारजमा करू शकते. उलट परवाना संपल्यामुळे पोलीस ठाण्यात ठेवलेले शस्त्र, बाळगण्याचा हक्क पुन्हा मिळाल्यास, ठरावीक मुदतीत मालकाला परत मागता येते. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीची मर्यादा तीनवरून दोन शस्त्रांवर आणली आणि अधिकचे शस्त्र वर्षाच्या आत ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करण्यास सांगितले. कोकणात आणि गोव्यात पीकरक्षणाच्या बंदुका निवडणुकीत जमा होतात. (रानडुकरांना आचारसंहितेची खबर नसते, ही शेतकऱ्याची तक्रार अगदीच विनोदाची नाही.) सरसकट सर्वांच्या बंदुका घेऊ नयेत, प्रत्येक परवानाधारकाचा स्वतंत्र विचार करावा, यासाठी निवडणूक आयोगाने जिल्हास्तरावर छाननी समितीची तरतूद केली आहे. बंदूक देताना मालकाला पावती मिळते. निकालानंतर आठवडा उलटला की ती दाखवून तो आपली बंदूक परत नेतो.