मन दुखावणारं आंदोलन कायद्यात बसतं का? सुरतच्या दोन खटल्यांसह सविस्तर माहिती

सुरत : चौकात पुतळा जाळला, काळे झेंडे दाखवले, एखाद्या नेत्याच्या किंवा समाजाच्या नावानं घोषणा दिल्या, की ‘भावना दुखावल्या’ म्हणून पोलीस ठाण्यात तक्रार जाते. पण मन दुखावणं हा गुन्हा आहे का? सुरतच्या उधना, लिंबायत, पांडेसरा भागातली खानदेशी कुटुंबं असोत की इकडे नंदुरबार-धुळ्यातले त्यांचे नातेवाईक, राज्य बदललं तरी या बाबतीतला कायदा बहुतांशी एकच आहे.

संविधानात काय आहे?

कलम १९ नागरिकांना बोलण्याचं आणि शांततेनं, शस्त्राविना एकत्र जमण्याचं स्वातंत्र्य देतं. निदर्शनं हाही अभिव्यक्तीचाच प्रकार आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये कामेश्वर प्रसाद खटल्यात मान्य केलं. बोलण्यावर बंधनं कशासाठी घालता येतात, याची यादी कलम १९(२) मध्ये आहे : देशाची एकात्मता, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, न्यायालयाचा अवमान, अब्रुनुकसानी आणि गुन्ह्याला चिथावणी. या यादीत ‘मन दुखावणं’ नाही. यादीबाहेरची बंधनं घालता येणार नाहीत, असं घटनापीठानं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केलं.

सुरतमधले दोन खटले

पहिला खटला हार्दिक पटेल यांचा. पाटीदार आरक्षण आंदोलनात, आत्महत्या करण्यापेक्षा पोलिसांना मारा, असं एका तरुणाला सांगितल्याच्या आरोपावरून ऑक्टोबर २०१५ मध्ये सुरत पोलिसांनी त्यांच्यावर राजद्रोहाचा गुन्हा नोंदवला. सुमारे नऊ महिन्यांनी, जुलै २०१६ मध्ये ते सुरतच्या लाजपोर कारागृहातून जामिनावर सुटले. सहा महिने गुजरातबाहेर राहायचं, ही जामिनाची अट होती. इथे वाद मन दुखावण्याचा नव्हता, हिंसेच्या चिथावणीचा होता.

दुसरा खटला राहुल गांधी यांचा. एप्रिल २०१९ मध्ये कर्नाटकातल्या कोलारच्या सभेत त्यांनी ‘मोदी’ आडनावावरून केलेल्या टीकेबद्दल आमदार पूर्णेश मोदी यांनी सुरतमध्ये फिर्याद दिली. २३ मार्च २०२३ रोजी सुरतच्या न्यायालयानं अब्रुनुकसानीच्या गुन्ह्यात दोन वर्षांची शिक्षा सुनावली आणि दुसऱ्याच दिवशी त्यांची खासदारकी गेली. ४ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं दोषसिद्धीला स्थगिती दिली. कमाल शिक्षा का दिली याची कारणं निकालात नाहीत, असं न्यायालयानं म्हटलं; त्याच वेळी अशी वक्तव्यं चांगल्या अभिरुचीची नसतात, असंही सुनावलं. ही फक्त स्थगिती होती, निर्दोष सुटका नव्हे.

मग गुन्हा कधी होतो?

भारतीय न्याय संहितेतली तीन कलमं इथे महत्त्वाची. कलम १९६ समाजांत वैर वाढवण्याबद्दल, कलम २९९ जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूनं धार्मिक भावना दुखावण्याबद्दल, तर कलम ३५६ अब्रुनुकसानीबद्दल आहे. म्हणजे धर्माच्या बाबतीतही नुसतं वाईट वाटणं पुरेसं नाही, हेतू दिसावा लागतो.

कुणाच्या नजरेनं पाहायचं, हाही प्रश्न असतोच. मार्च २०२५ मध्ये जामनगरला दाखल झालेला इम्रान प्रतापगढी यांच्यावरचा गुन्हा रद्द करताना सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या माणसाच्या नजरेतून तपासायचा, प्रत्येक टीकेत धोका पाहणाऱ्याच्या नाही. तीन ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या अशा गुन्ह्यांत पोलिसांना आधी १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते.

परवानगी आणि मनाई आदेश

महाराष्ट्र आणि गुजरात दोन्हीकडे मूळचा १९५१ चा मुंबई पोलीस कायदाच चालतो. त्याच्या कलम ३७ खाली निघणाऱ्या मनाई आदेशात शस्त्रं बाळगणं, प्रेतांचं किंवा पुतळ्यांचं प्रदर्शन, जाहीर घोषणा यांवर बंदी घालता येते. मजकूर निरुपद्रवी असला तरी आदेश मोडणं हा वेगळा गुन्हा ठरतो. मात्र पोलिसांना मनमानी करता येत नाही. अहमदाबादच्या हिंमतलाल शाह खटल्यात रस्त्यावरच्या सभेला परवानगी नाकारण्याचा मोकाट अधिकार देणारा नियम सर्वोच्च न्यायालयानं १९७२ मध्ये रद्द केला. जागा आणि वेळ ठरवता येते, सभेचा हक्कच काढून घेता येत नाही.

सीमाभागाचा अनुभव

१ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सव साजरा करतं, त्याच दिवशी बेळगावात महाराष्ट्र एकीकरण समिती काळा दिन पाळते. तिथल्या अनेक कन्नड लोकांना तो खुपतो. मराठी माणसाला तो आपला हक्क वाटतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका काश्मिरी प्राध्यापकानं ५ ऑगस्टला ‘काळा दिवस’ म्हणणारं व्हॉट्सॲप स्टेटस ठेवलं, तेव्हा इथल्या अनेकांना ते खुपलं आणि गुन्हा दाखल झाला. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रद्द केला. एका काळ्या दिवसाला संरक्षण मागायचं आणि दुसऱ्याला नाकारायचं, हे एकाच कायद्यात बसत नाही.

अमेरिकेत तर सैनिकाच्या अंत्यसंस्काराजवळ क्रूर फलक धरणाऱ्या चर्चलाही २०११ मध्ये ८ विरुद्ध १ मतांनी संरक्षण मिळालं. आपलं संविधान इतकं पुढे जात नाही. सुव्यवस्था आणि अब्रू यांना आपल्याकडे जागा आहे.

थोडक्यात

धोरणावर, पक्षावर, सरकारवर झोंबणारी टीका चालते. हिंसेची हाक, समाजांत वैर वाढवणं, एखाद्याची बदनामी आणि आदेशभंग चालत नाही. आंदोलनाआधी मनाई आदेश लागू आहे का, हे पोलीस ठाण्यात विचारून घ्या आणि अर्जाची पोच जपून ठेवा. तक्रार करणाऱ्यानंही ‘मला वाईट वाटलं’ यापलीकडे, नेमके कोणते शब्द आणि त्यातून कोणता धोका, हे लिहून द्यावं.