पी.टी.चे सर आणि मद्रासचे बक

आपल्याकडे खेळांचा इतिहास पदकांच्या आधाराने लिहिला जातो. १९२८ची हॉकी, १९५२चे खाशाबा जाधव, मग पुढची पदके. या लेखनात एक माणूस सहसा सापडत नाही. सकाळी धावपटूंची वेळ घेणारा, दुपारी व्हॉलीबॉलची जाळी बांधणारा आणि संध्याकाळी संघाच्या प्रवासखर्चाचा हिशेब लिहिणारा. बंगळूरच्या कॉलेजांत तो ‘पी.ई. डायरेक्टर’ असतो, महाराष्ट्रातल्या शाळेत ‘पी.टी.चे सर’. एकच माणूस सगळे खेळ शिकवतो आणि कुठल्याच एका खेळाच्या इतिहासात बसत नाही.

हा पेशा आपल्याकडे कसा घडला हे शोधताना हॅरी क्रो बक या अमेरिकन माणसापाशी थांबावेच लागते. वायएमसीएच्या कामासाठी ते भारतात आले आणि १९२० साली त्यांनी मद्रासला शारीरिक शिक्षणाची शाळा काढली. तिचेच पुढे कॉलेज झाले. बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉल हे दोन्ही खेळ वायएमसीएच्याच व्यायामशाळांत जन्मले होते, १८९१ आणि १८९५ साली. बक यांच्या कामाचा विशेष मात्र खेळ आणण्यात नव्हता, तो शिकवणारे तयार करण्यात होता. आखाड्यातला वस्ताद आपल्या पठ्ठ्याला घडवतो. बक यांना असा शिक्षक हवा होता, जो वर्गातल्या चाळीस मुलांना, त्यातल्या सुकड्या आणि लाजऱ्या मुलांनाही, मैदानावर उभे करील.

त्याच वर्षी भारताचे खेळाडू अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले. त्याची सुरुवात पुण्यात झाली होती. डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धेत अनवाणी धावणारी गावाकडची पोरे दोराबजी टाटांनी पाहिली आणि त्यांना परदेशी पाठवायचे मनावर घेतले. बेळगावचे फडेप्पा चौगुले अँटवर्पला मॅरेथॉनमध्ये १९वे आले. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होते, आज कर्नाटकात आहे. चौगुल्यांवर हक्क कोणाचा, हे दोन्ही राज्यांतल्या वाचकांनी वाटून घ्यावे. अंगात दम होता, पण शास्त्रशुद्ध तयारी करून घेणारे कोणी नव्हते. १९२४च्या पॅरिससाठी दोराबजींनी वायएमसीएची मदत घेतली. ए. जी. नोरेन यांनी संघटनेचे काम पाहिले आणि ॲथलेटिक्सच्या संघाची जबाबदारी बक यांच्याकडे आली. पॅरिसहून पदक आले नाही. पण १९२७ साली भारतीय ऑलिंपिक संघटना उभी राहिली ती या धडपडीतून. दोराबजी अध्यक्ष झाले, नोरेन सचिव.

बक मद्रासला परतून पुन्हा शिकवू लागले. १९४३ साली मृत्यू येईपर्यंत ते त्याच संस्थेत होते. भाषांतराच्या माझ्या सवयीमुळे त्यांच्या दोन गोष्टी मला विशेष वाटतात. त्यांच्या इंग्रजी नियतकालिकाचे नाव ‘व्यायाम’ होते. आणि खेळांच्या नियमांचे पुस्तक त्यांनी सिद्ध केले. नियम लिहिणे हेही भाषांतरच. अंगणातला खेळ कागदावर आला की दुसऱ्या गावच्या पोरांनाही तो खेळता येतो.

हे श्रेय एकट्या बक यांना देणे मात्र अन्यायाचे होईल. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम १९१४ सालीच बसवायला घेतले होते, म्हणजे मद्रासची शाळा निघण्याच्या सहा वर्षे आधी. त्याच वर्षी अमरावतीला वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केले. मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिनमध्ये हुतूतू खेळून दाखवला. या मंडळींच्या मनात स्वराज्य होते, बक यांच्यामागे मिशनची परंपरा. शिक्षक घडवल्याशिवाय मुलांपर्यंत काहीच पोचत नाही, हे मात्र दोघांनाही कळले होते.

या दोन वाटा मुंबई इलाख्यात जवळ आल्या. काँग्रेसचे सरकार असताना शारीरिक शिक्षणाच्या सरकारी समितीचे अध्यक्ष होते लोणावळ्याचे योगसंशोधक स्वामी कुवलयानंद. १९३८ साली कांदिवलीला सरकारी प्रशिक्षण संस्था निघाली. पी. एम. जोसेफ तिचे पहिले प्राचार्य. हेच जोसेफ १९५७ साली ग्वाल्हेरच्या लक्ष्मीबाई कॉलेजचेही पहिले प्राचार्य झाले. अशा संस्थांतून शिकलेली माणसे गावोगाव शाळांमध्ये गेली. लेझीम, कवायत, खो-खो आणि व्हॉलीबॉल एकाच तासिकेत आले ते त्यांच्यामुळे. आज ते इतके सवयीचे आहे, की त्यामागे कोणाची कारकीर्द असेल असे आपल्याला वाटतही नाही.

आणि परीक्षा जवळ आली की पहिली कापली जाते ती हीच तासिका. गणिताचे सर ती मागून घेतात, पी.टी.चे सर देतात. कन्नडमध्ये हा विषय ‘दैहिक शिक्षण’, मराठीत ‘शारीरिक शिक्षण’. देह म्हणा की शरीर, वेळापत्रकातली त्याची जागा दोन्ही भाषांत सारखीच. जी मुले पुढे कधीच खेळाडू होणार नाहीत, त्यांच्या वाट्याला उघड्यावर धावण्याचा शाळेतला तेवढाच तास असतो. बक, वैद्य बंधू आणि जोसेफ यांनी आयुष्य घातले ते त्या मुलांसाठी. त्यांचा हिशेब पदकतालिकेत मांडता येणार नाही. त्यासाठी शाळाशाळांची जुनी हजेरीपुस्तके उघडावी लागतील.