कागदासाठी काढलेलं पाणी

पस्तीस वर्षं एसी उघडतोय. झाकण काढलं की आधी ओल्या गोणपाटाचा वास येतो, मग ब्लोअरच्या पात्यांवर काळी बुरशी दिसते. गंमत म्हणजे हे यंत्र जन्मलं तेच ओल हटवायला. १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा, रंगावर रंग नीट बसेना. विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरनं थंड कॉइलवरून हवा फिरवून तिच्यातलं पाणी काढलं. माणसांच्या गारव्याचं नंतर सुचलं!

ते पाणी आजही कॉइलवरून ट्रेमध्ये ठिबकतं. त्यात धूळ बसली, नळी तुंबली, की बुरशीला आणखी काय हवं? खिडकीतल्या जुन्या एसीचं पाणी खालच्यांच्या वाळवणावर पडायचं; भांडणं व्हायची, पण पाणी वाहतंय हे तरी कळायचं.

बंद करण्याआधी थोडा वेळ नुसता पंखा चालू ठेवा. कॉइल सुकते.