पद्मिनीचे पंख

२०२३ सालच्या ऑक्टोबर महिन्याच्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी जातीची शेवटची टॅक्सी निवृत्त झाली. तिची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं ताडदेवच्या परिवहन कार्यालयांत झालेली होती. आणि वीस वर्षांपेक्षां जुनी टॅक्सी मुंबईंत चालवूं द्यावयाची नाहीं असा नियम असल्यामुळें तिचें आयुष्य त्या दिवशीं कायद्यानेंच संपलें. वृत्तपत्रांनीं तिच्यावर मृत्युलेख लिहिले. तिचा काळा-पिवळा रंग, स्टिअरिंगच्या दांड्यालगतचा गिअर, छताला आंतून लावलेलीं रंगीबेरंगी कापडें, हें सारें अनेकांना आठवलें. १९७३ सालीं ठाण्याच्या खाडीवरचा पूल खुला झाल्यापासून नव्या मुंबईच्या बाजूलाही हीच गाडी पोंचत असे, आणि वाशीच्या पहिल्या वसाहतींत राहावयास आलेल्या कुटुंबांना रात्रीबेरात्रीं मुंबईहून परतावयाचें झालें म्हणजे तिचाच आधार वाटे.

ह्या गाडीच्या पाठीमागें, दोन्ही कोपऱ्यांवर, तांबड्या दिव्यांच्या माथ्यावर पत्र्याची एकेक लहानशी धार उभारलेली असे. माशाच्या पाठीवरील परासारखी ती दिसे. तिच्यामुळें पावसाचें पाणी अडत नसे, सामान बांधण्यास तिचा उपयोग नसे, गाडी अधिक पळत नसे कीं पेट्रोल कमी लागत नसे. उलट गाडी पुसणाऱ्याचा कपडा मात्र तिच्यांत अडके. असें असूनही १९६४ पासून तों कारखाना बंद पडेपर्यंत, म्हणजे सुमारें छत्तीस वर्षें, ती धार प्रत्येक गाडीवर इमानानें ठोकली गेली. बिनकामाची वस्तु इतका काळ कां टिकते, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं.

ह्या धारेचें कुळ शोधूं लागल्यास प्रथम अमेरिकेंत जावें लागतें. १९४१ सालीं जनरल मोटर्स कंपनीचा मुख्य रेखाकार हार्ले अर्ल हा आपल्या सहकाऱ्यांस घेऊन मिशिगन संस्थानांतील एका लष्करी विमानतळावर गेला. तेथें लॉकहीड कंपनीचें पी-३८ लाइटनिंग हें नवें लढाऊ विमान होतें. त्या विमानाला दोन शेंपट्या असून प्रत्येकीवर एक उभा पंख होता. विमानाला असा पंख लागतोच; तो नसेल तर हवेंत त्याचें नाक एका दिशेस स्थिर राहावयाचें नाहीं. मोटार जमिनीवर चार चाकांनीं धरलेली असते, तिला ही अडचण नाहीं. परंतु तो आकार अर्लच्या डोळ्यांत भरला, आणि युद्ध संपल्यावर १९४८ च्या कॅडिलॅक मोटारीच्या मागील मडगार्डांवर दोन लहान उंचवटे उगवले.

पुढें दहा वर्षांत त्या उंचवट्यांचे खरोखरीचे पंख झाले. एका कंपनीनें ते चार बोटें वाढवावे, तर दुसरीनें वीतभर. १९५९ च्या कॅडिलॅकवर ते कळसास पोंचले. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे दोन दोन तांबडे दिवे त्यांच्या पोटांत बसविलेले होते. क्रायस्लर कंपनीचा रेखाकार व्हर्जिल एक्स्नर यानें तर हे पंख शोभेचे नसून आडव्या वाऱ्यांत गाडी स्थिर ठेवतात असें प्रतिपादन केलें, आणि कंपनीच्या जाहिरातींतही तेंच छापलें गेलें. जर्मनींतील मर्सिडीज कंपनीनें १९५९ सालीं आपल्या गाडीस बेताचे पंख लावले, पण त्यांना पंख म्हणावयाचा तिला संकोच वाटला. गाडी मागें घेतांना तिचा शेवट कोठें आहे हें चालकाला कळावें म्हणून त्या दर्शक-पट्ट्या आहेत, असें तिनें सांगितलें. दोन देशांतल्या दोन कंपन्यांनीं एकाच वस्तूस दोन निरनिराळीं कारणें द्यावीं, यावरूनच आकार आधीं ठरला व कारण मागाहून शोधलें गेलें हें उघड होतें.

हें सर्व हौसेपुरतें राहिलें असतें तर त्यावर कोणी आक्षेप घेतला नसता. परंतु १९६५ सालीं रॅल्फ नेडर या अमेरिकन वकिलानें मोटारींच्या सुरक्षिततेसंबंधीं जो प्रसिद्ध ग्रंथ लिहिला, त्यांत ह्या पंखांनीं घेतलेले बळी नोंदविलेले आहेत. सायकलवरून जाणारी नऊ वर्षांची एक मुलगी उभ्या असलेल्या कॅडिलॅकच्या पंखावर आदळली व गळ्याच्या खालीं झालेल्या जखमेनें मरण पावली. गाडी चालत नव्हती, चालकाचा अपराध नव्हता, रस्त्याचाही नव्हता. ज्या पत्र्याला कांहींच काम नव्हतें त्यानें एवढें मात्र केलें. तोंपर्यंत अमेरिकेंत पंखांची लाट ओसरूं लागली होती, व १९६० चें दशक निम्मे सरतां सरतां ते कॅडिलॅकवरूनही नाहींसे झाले.

आतां मुंबईकडे वळूं. ज्या जनरल मोटर्सनें हे पंख जन्मास घातले तिचा मुंबईशीं जुना संबंध होता. १९२८ पासून शिवडी येथें तिचा कारखाना असून परदेशांतून आलेले सुटे भाग तेथें जोडून गाड्या बाहेर पडत. पुढें, केवळ जोडकाम न करितां येथेंच भाग बनवावे असें स्वतंत्र भारताच्या सरकारनें धोरण ठरविलें, तेव्हां १९५४ सालीं कंपनीनें येथील गाशा गुंडाळला. कंपनी गेली, पण तिचे पंख इटलीच्या वाटेनें त्याच शहरांत परत आले, ही गोष्ट गमतीची खरी.

त्यांना आणणारा कारखाना कुर्ल्याचा. सोलापुरांत १८८२ सालीं जन्मलेले वालचंद हिराचंद यांनीं जहाजें, विमानें व मोटारी ह्या तिन्ही गोष्टी हिंदुस्थानांत झाल्या पाहिजेत असा ध्यास घेतला होता. मोटारीचा बेत ते दुसऱ्या महायुद्धापूर्वींपासून मांडीत होते. सरकारचें त्यास साहाय्य झालें नाहीं. अखेर १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली, आणि १९४७ सालीं क्रायस्लरच्या गाड्या कुर्ल्यास जोडल्या जाऊं लागल्या. त्या गाड्या अवजड व खाऊ. मध्यमवर्गीयाला झेपेल अशी गाडी हवी म्हणून कंपनीनें इटलीच्या फियाटशीं करार केला, आणि १९५० नंतर लहान फियाट गाड्या मुंबईंत दिसूं लागल्या. वालचंद १९५३ सालीं निवर्तले. ह्या गाडीचें पुढील वैभव पाहण्यास ते राहिले नाहींत.

प्रारंभीच्या अकराशे फियाटची पाठ गोल गरगरीत होती. मुंबईकरांनीं तिचें नांव 'डुक्कर फियाट' ठेविलें, आणि तें नांव इतकें चपखल बसलें कीं आजही जुन्या गाड्यांचे शौकीन तें आदरानें उच्चारतात. तिच्या पाठीवर पंख नव्हते. ते इटलींत १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धांत आले. अमेरिकेचा थाट युरोपांतील लोकांनाही हवाहवासा वाटत होता, पण तेथील गल्ल्या अरुंद व खिसे लहान. तेव्हां पंखही त्याच मानानें लहान झाले. १९६४ सालीं 'फियाट ११०० डिलाइट' ह्या नांवानें ही सपंख गाडी कुर्ल्यास तयार होऊं लागली. १०८९ घन सेंटिमीटरचें इंजिन, चार दरवाजे, चार गिअर, आणि मागें दोन धारा.

त्याच सुमारास अमेरिकेंत पंख मोडीत निघाले होते. इटलींत अकराशे जातीच्या गाडीचें उत्पादनच १९६९ सालीं थांबलें. कुर्ल्यास मात्र ती चालूच राहिली. फियाटचें नांव वापरण्याचा हक्क संपला तेव्हां १९७२ च्या सुमारास ती 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली, आणि १९७४ पासून चितोडच्या राणीच्या नांवावरून 'पद्मिनी'. समोरची जाळी बदलली, नांव दोनदां बदललें. पाठ बदलली नाहीं.

ह्याचें कारण सौंदर्यदृष्टींत नसून कारखान्याच्या हिशेबांत आहे. मोटारीचा पत्रा हातानें ठोकून घडत नाहीं. प्रत्येक भागासाठीं पोलादाचा एक जोडसांचा असतो, ज्याला कामगार 'डाय' म्हणतात. त्या दोन सांच्यांमध्यें सपाट पत्रा ठेवून प्रचंड दाबानें तो आकारास आणावयाचा. सांचा एकदां बनला कीं त्यांतून लाखों पत्रे निघतात, आणि पंख असला काय नि नसला काय, एका पत्र्यास लागणारा खर्च जवळजवळ तोच. परंतु पंख काढून टाकावयाचा तर मागच्या मडगार्डाचा सांचा नवा हवा, त्याला जुळणारें डिकीचें झांकण नवें, दिव्यांची बैठक नवी. असले सांचे परदेशांतून आणावे लागत, आणि परकीय चलनाची त्या काळीं एवढी टंचाई होती कीं आयातीचा परवाना मिळविणें हेंच एक काम होऊन बसे. दुसरीकडे ग्राहक पैसे भरून वर्षानुवर्षें रांगेंत उभा होता. ज्याला गाडीच मिळावयाची मारामार, तो पंखांविषयीं कशाला तक्रार करील? तेव्हां निरुपयोगी वस्तु ठेवणें स्वस्त, आणि ती काढणें महाग, असा हा उलटा व्यवहार होता. कुर्ल्याच्या कारखानदारांना यासाठीं हंसणें सोपें आहे. पण त्यांच्या जागीं दुसऱ्या कोणीं वेगळें केलें असतें असें दिसत नाहीं. १९८३ च्या डिसेंबरांत मारुती बाजारांत आली तेव्हां प्रथमच ग्राहकाला निवड करावयास मिळाली, आणि पद्मिनीचे घरगुती गिऱ्हाईक झपाट्यानें कमी झालें. टॅक्सीवाल्यांनीं तिला सोडलें नाहीं, कारण तिचे भाग गल्लोगल्लीं मिळत व दुरुस्ती कोणासही येत असे. पंखांचें आयुष्य अशा रीतीनें टॅक्सीवाल्यांच्या काटकसरीनें वाढविलें.

मोटारीला अशीं निरर्थक अवयवें नवीं नाहींत. तिच्या जन्मापासून तीं तिला चिकटलेलीं आहेत. ज्याला आज आपण डॅशबोर्ड म्हणतों तो मूळचा घोडागाडीचा. व्हिक्टोरियाच्या पुढच्या बाजूस, घोड्याच्या टापांनीं उडणारा चिखल अंगावर येऊं नये म्हणून जो फळा बसविलेला असे, तोच हा. घोडा गेला, फळा राहिला. अमेरिकेंत १९०१ सालीं निघालेल्या ओल्ड्समोबील गाडीला तर त्या पुढच्या वक्राकार फळ्यावरूनच नांव मिळालें. आणि त्या गाडीपुढें चिखल उडविणारें जनावर कोठें होतें? १८९९ सालीं मिशिगनमधील युराया स्मिथ नांवाच्या धर्मोपदेशकानें याच्याही पुढें जाऊन मोटारीच्या तोंडावर लांकडी घोड्याचें मुंडकें बसविण्याचा आराखडा केला. रस्त्यावरचे खरे घोडे मोटार पाहून बुजूं नयेत हा हेतु. मुंडकें पोकळ, त्यांत इंधन भरावयाचें. विक्षिप्त खरें, पण ह्या माणसाला निदान एक खरीखुरी अडचण सोडवावयाची होती, हें कॅडिलॅकच्या रेखाकारांपेक्षां त्याच्या बाजूनें अधिक म्हटलें पाहिजे.

निव्वळ विक्षिप्तपणाचा मान मात्र कलकत्त्याकडे जातो. तेथील मॅथ्यूसन नांवाच्या धनिक इंग्रजानें १९१० सालीं विलायतेंतील ब्रुक कंपनीकडून हंसाच्या आकाराची मोटार बनवून घेतली. हंसाचे डोळे रात्रीं विजेनें चमकत, चोंचींतून कढत पाण्याचा फवारा उडून पुढची गर्दी पांगे, आणि पाठीमागून चुन्याची निवळी रस्त्यावर सांडण्याची सोय होती. ती कशाची नक्कल, हें सांगावयास नको. गाडीनें गर्दीची अशी दाणादाण उडविली कीं पोलिसांनीं तिला रस्त्यावर येण्यास बंदी केली. पुढें ती नाभा संस्थानच्या महाराजांनीं घेतली. हल्लीं ती हॉलंडमधील हेग येथील संग्रहालयांत आहे.

नभोवाणीच्या रसिकांना आणखी एक नमुना आवडेल. १९५६ च्या क्रायस्लर मोटारींत ग्रामोफोन बसवून मिळत असे. त्याच्या तबकड्या खास वेगळ्या, मिनिटास सोळा व दोन-तृतीयांश फेरे घेणाऱ्या. घरच्या यंत्रावरील तबकडी तेथें चालावयाची नाहीं. रस्त्यावर खड्डा आला कीं सुई उडे. थोड्याच वर्षांत कंपनीनें तो नाद सोडला.

आज पाम बीच मार्गावरून संध्याकाळीं जाणाऱ्या नव्या गाड्यांकडे पाहिल्यास पद्मिनीच्या पंखांचे वंशज सहज ओळखूं येतात. पुढच्या बंपरांत हवा आंत घेण्यासाठीं म्हणून काळ्या जाळ्या असतात, पण हात लावला तर मागें सपाट प्लास्टिक लागतें. धूर सोडणाऱ्या दोन चकचकीत नळ्या दिसतात, आणि खरी नळी खालीं गुपचूप वाकलेली असते. लहानशा गाडीच्या पाठीवर शर्यतीच्या गाडीचा फळा चढविलेला असतो. तो फळा काम करूं लागावा असा वेग वाशीपासून बेलापूरपर्यंत सिग्नल मिळूं देत नाहींत. ह्यांतील एक हौस मात्र सरकारला मोडून काढावी लागली. गाडीच्या पुढें लोखंडी दांड्यांचें संरक्षक कडें लावण्याची पद्धति फार बोकाळली होती. त्या कड्यानें पादचाऱ्याला होणारी इजा वाढते, आणि आंत बसलेल्यांसाठीं असलेल्या हवेच्या पिशव्या वेळेवर न उघडण्याचाही धोका असतो. म्हणून डिसेंबर २०१७ मध्यें केंद्रीय रस्ते-वाहतूक मंत्रालयानें राज्यांना तीं कडीं काढविण्यास सांगितलें.

विजेच्या मोटारींनीं आणखी एक पेंच उभा केला आहे. त्यांच्यांत तापणारें इंजिन नसल्यानें समोर पूर्वींएवढी मोठी जाळी असण्याचें कारण उरलें नाहीं. तरी जाळीच्या आकाराचें बंद पॅनेल पुष्कळ गाड्यांच्या तोंडावर अजून आहे, कारण त्यावांचून मोटारीला चेहरा नाहीं असें गिऱ्हाईकास वाटतें. याच्या उलट, ह्या गाड्या मंद गतींत अगदीं निःशब्द चालतात, म्हणून युरोपांत ताशीं २० किलोमीटरांच्या आसपासच्या वेगापर्यंत त्यांनीं कृत्रिम आवाज काढलाच पाहिजे असा नियम झाला. २०१९ पासून नव्या बनावटीच्या, व २०२१ पासून विकल्या जाणाऱ्या सर्वच नव्या गाड्यांना तो लागू आहे. आंत यंत्राचा आवाज नाहीं, बाहेर ध्वनिक्षेपकांतून तो वाजतो. तो ऐकून आंधळा पादचारी पदपथावर थांबतो. युराया स्मिथच्या लांकडी घोड्याला एकशेंवीस वर्षांनीं मिळालेला हा सोबती आहे.